घड्याळ सरकवणं थांबवा, पण थांबायचं तर हिवाळ्याच्या वेळेवर थांबा

नोव्हेंबरचा पहिला रविवार उजाडायच्या आधीची रात्र आम्हा रात्रपाळीवाल्यांना वर्षातली सगळ्यात लांब जाते. मी अमेरिकेत नर्स आहे, संध्याकाळी ७ ते सकाळी ७ अशी १२ तासांची ड्यूटी, आणि त्या रात्री ती १३ तासांची होते कारण २ वाजले की घड्याळ परत १ वर येतं. (इथे मार्चमध्ये घड्याळ तासभर पुढे करतात, ती उन्हाळ्याची वेळ, आणि नोव्हेंबरमध्ये परत मागे आणतात, ती हिवाळ्याची, म्हणजेच मूळ प्रमाणवेळ.) म्हणजे १ ते २ हा तास दोनदा येतो. घरी झोपलेल्या माणसाला त्याचं काही वाटत नाही, उलट तासभर जास्त झोप मिळाली म्हणून बरंच वाटतं, पण वॉर्डात जागं असलेल्या माणसाला त्या रात्री प्रत्येक गोष्ट दोनदा मोजावी लागते.

एका वर्षीची गोष्ट सांगते. माझ्याकडे पोटाचं मोठं ऑपरेशन झालेल्या एक वयस्कर बाई होत्या, त्यांना दुखण्यावरचं इंजेक्शन दर ४ तासांनी द्यायचं होतं. मी ते दिलं १:४० ला, पहिल्या १:४० ला. मग पुढचं कधी? डोक्यात चटकन येतं ५:४०, बोटं मोजून ५:४०, पण मधे एक तास परत आलेला असतो त्यामुळे खरे ४ तास ४:४० लाच पूर्ण होतात. मी कागदावर तसं लिहून ठेवलं होतं, कारण त्या दोन नंबरच्या तासात आमच्याकडे कंप्युटरवरच्या नोंदी बंद ठेवतात आणि सगळं हाताने लिहायला लागतं, नाहीतर १:५० ला दिलेलं औषध आणि त्यानंतर अर्ध्या तासाने, म्हणजे १:२० ला, घेतलेलं बीपी यात आधी काय झालं तेच सिस्टीमला कळत नाही. तर साडेचारला मी ब्रेकवर गेले, माझ्या जागी जी नर्स होती तिने त्या बाईंना सांगितलं की अजून तासभर आहे, थोडं थांबा. मी ५:०५ ला परत आले तेव्हा बाई पलंगाचा कठडा घट्ट धरून पडल्या होत्या, घाम आलेला, आणि मला म्हणाल्या मी सांगत होते पण मला वाटलं माझंच मोजायला चुकलं असेल. २५ मिनिटं. त्यातून काही मोठं नुकसान झालं नाही, त्या बऱ्या होऊन घरी गेल्या. पण ऑपरेशन झालेल्या माणसाने विनाकारण सोसलेली २५ मिनिटं मला लहान वाटत नाहीत, आणि ज्या नर्सची चूक झाली ती हुशार आणि काळजी घेणारी मुलगी आहे, तिच्या जागी मीही तेच म्हटलं असतं.

तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचत आलेय, आणि दर वर्षी माझं मत अजून पक्कं होत गेलंय की हे वर्षातून दोनदा घड्याळ मागेपुढे करणं बंद व्हायला पाहिजे. पण खरं सांगायचं तर एवढं म्हणणं सोपं आहे, बहुतेक सगळेच ते म्हणतात. गाडी अडते ती पुढच्या प्रश्नावर, की थांबायचं तर कुठल्या वेळेवर थांबायचं, हिवाळ्याच्या की उन्हाळ्याच्या. आणि तिथे लोक जे मागतायत ते मला चुकीचं वाटतं म्हणून हे लिहितेय.

आधी हे सुरू कसं झालं ते बघू, कारण बरेच जण अजून समजतात की हे शेतकऱ्यांसाठी केलं. ते अजिबात खरं नाही. शेतकऱ्यांना हे कधीच नको होतं, गाईला घड्याळ कळत नाही आणि सकाळचं दव वाळल्याशिवाय गवत कापता येत नाही, मग मजुरांच्या घड्याळात एक तास आधी वाजले तर शेतकऱ्याचा तो तास फुकट जातो. अमेरिकेत १९१८ साली हे पहिल्यांदा लागू झालं आणि पुढच्याच वर्षी रद्द झालं, राष्ट्राध्यक्ष विल्सन यांचा नकाराधिकार डावलून काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, ते रद्द केलं, आणि त्यामागे सगळ्यात मोठा जोर शेतकऱ्यांचा होता.

मूळ कल्पना मांडणारे दोघं होते आणि दोघांचीही इच्छा तशी निर्मळ होती. न्यूझीलंडचे जॉर्ज हडसन कीटकांचे अभ्यासक, पोटासाठी पोस्टात नोकरी, काम संपल्यावर किडे गोळा करायला उजेड मिळावा म्हणून त्यांनी १८९५ मध्ये घड्याळ २ तास पुढे करा असा प्रस्ताव मांडला. दुसरे विल्यम विलेट, लंडनजवळ राहणारे घरं बांधणारे कंत्राटदार, ते सकाळी घोड्यावरून फेरी मारायचे आणि लख्ख उजाडलेलं असताना घरोघरी पडदे बंद बघून हळहळायचे. त्यांनी १९०७ मध्ये पत्रक छापलं, त्यात एकदम एक तास नव्हता हं, एप्रिलच्या ४ रविवारी २०-२० मिनिटं पुढे न्यायचं आणि सप्टेंबरमध्ये तसंच हळूहळू मागे आणायचं असं होतं. शरीराचा विचार केला तर आजच्या पद्धतीपेक्षा ते बरं होतं. ब्रिटिश संसदेत ते वर्षानुवर्षं मागे लागले, काही झालं नाही, १९१५ ला वारले. आणि पुढच्याच वर्षी, ३० एप्रिल १९१६ ला, जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरीने युद्धात कोळसा वाचावा म्हणून घड्याळं पुढे केली, तीन आठवड्यांत ब्रिटनने केली, आणि मग एकामागून एक देश. म्हणजे हे आलं युद्धाची गरज म्हणून, दिव्यासाठी लागणारा कोळसा वाचवायला.

तो कोळशाचा हिशोब आज कुठे उरलाय? तेव्हा घरातली वीज म्हणजे मुख्यतः दिवे. आज दिव्यांना वीज लागतेच किती, आज वीज खातात ते एसी आणि हीटर. यावर एक उदाहरण फार बोलकं आहे. इंडियाना राज्यात २००६ पर्यंत बहुतेक काउंट्या (म्हणजे जिल्हे) घड्याळ बदलत नव्हत्या, त्या वर्षी पूर्ण राज्याला बदलायला लावलं, आणि मॅथ्यू कॉचेन व लॉरा ग्रँट या अभ्यासकांना घराघरातली आधीची आणि नंतरची बिलं शेजारी ठेवून बघता आली. निघालं असं की विजेचा वापर साधारण १ टक्क्याने वाढला. दिव्याचं थोडं वाचलं पण उन्हाळ्यात माणूस तापलेल्या घरी एक तास आधी पोचतो आणि एसी लावतो, त्यात ते सगळं गेलं, वर राज्यातल्या लोकांना वर्षाला सुमारे ९० लाख डॉलर जास्तीचे भरावे लागले. आता दुसरी बाजूही सांगायला हवी, अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने २००८ मध्ये दिलेल्या अहवालात उन्हाळी वेळ चार आठवड्यांनी वाढवल्यामुळे झालेली बचत दाखवली होती, वर्षाच्या एकूण विजेच्या ०.०३ टक्के. समजा तेच खरं धरलं तरी ०.०३ टक्क्यांसाठी कोट्यवधी लोकांची झोप मोडायची हा सौदा मला पटत नाही.

आणि झोपेबद्दल बोलताना लोक फक्त मार्चमधल्या त्या एका रात्रीबद्दल बोलतात. एक तास कमी झोपलं तर काय बिघडतं, दोन दिवसात सवय होते, विमानाने शेजारच्या टाइमझोनमध्ये गेल्यासारखंच तर आहे. नाही. तसं अजिबात नाहीये, आणि हा मुद्दा मला नीट मांडायचाय. आपण विमानाने पूर्वेला गेलो की तिथे सूर्यही आधी उगवतो, घड्याळ आणि सूर्य दोघं एकत्र पुढे सरकतात, आणि सकाळचा उजेड डोळ्यात गेला की शरीर त्याच्याशी जुळवून घेतं. आपल्या मेंदूत डोळ्यांच्या नसांच्या वर एक छोटासा भाग आहे जो हे घड्याळ चालवतो, त्याचं स्वतःचं चक्र बहुतेकांचं २४ तासांहून थोडं मोठं असतं, म्हणून रोज सकाळच्या उजेडाने त्याला थोडं मागून ढकलावं लागतं. शरीराच्या या रोजच्या लयीमागे पेशींमधली कुठली यंत्रणा आहे ते शोधणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. आता मार्चमध्ये आपण काय करतो? सूर्य आहे तिथेच राहतो, फक्त घड्याळ पुढे. सकाळचा उजेड जो हवा असतो तो निघून जातो आणि संध्याकाळचा, जो झोप उशिरा आणतो, तो वाढतो. हे एक दिवस नाही चालत, मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत चालतं, ३४ आठवडे. तेवढे दिवस शाळेचं आणि ऑफिसचं घड्याळ शरीराच्या घड्याळापासून तासभर फटकून चालतं.

मार्चच्या त्या आठवड्याचे आकडेही आहेत. अमेरिकेतल्या खाणींच्या अपघातांच्या १९८३ ते २००६ च्या नोंदी तपासल्या तर घड्याळ पुढे गेल्यानंतरच्या सोमवारी इजा ५.७ टक्क्यांनी जास्त दिसल्या, आणि त्याच अभ्यासात लोक त्या रात्री सरासरी ४० मिनिटं कमी झोपतात असंही दिसलं. २०२० मध्ये आलेल्या एका अभ्यासात त्या आठवड्यात जीवघेणे वाहन अपघात सुमारे ६ टक्क्यांनी वाढलेले दिसले. हृदयविकाराचं मी जपून सांगेन. स्वीडनच्या अभ्यासात पहिल्या आठवड्यात साधारण ५ टक्के वाढ होती, मिशिगनच्या अभ्यासात सोमवारी २४ टक्के वाढ दिसली पण पूर्ण आठवड्याचा हिशोब केला तर एकूण आकडा तेवढाच राहिला, म्हणजे जे झटके त्या आठवड्यात येणारच होते ते बहुधा सोमवारवर ओढले गेले. लोक तो २४ चा आकडा सगळीकडे फेकतात आणि पुढचं वाक्य सांगत नाहीत, तसं करू नये. आपली बाजू खरी असली तर अर्धं सांगायची गरज पडत नाही.

माझी मुलगी दुसरीत आहे. मार्चमध्ये घड्याळ बदलायच्या आधीच्या शुक्रवारी आम्ही बसची वाट बघत उभ्या होतो तेव्हा उजाडलेलं होतं, समोरच्या झाडावर पक्षी दिसत होते. सोमवारी त्याच वेळी त्याच कोपऱ्यावर मिट्ट काळोख. मी तिच्या दप्तराला चमकणारी पट्टी चिकटवली आहे आणि हातात टॉर्च देते. ती डोळे मिटूनच बूट घालते, पायातला डावा बूट उजव्यात गेलाय हे तिला कळतसुद्धा नाही, आणि मला विचारते की आई अजून रात्र आहे ना मग शाळा का. मी रात्रपाळी करून आलेली असते, मला काय उत्तर द्यायचं? सात वर्षांच्या मुलीचं शरीर जे सांगतंय ते बरोबर आहे आणि भिंतीवरचं घड्याळ सांगतंय ते आपण मोठ्यांनी ठरवलेलं आहे. एप्रिलमध्ये हळूहळू सकाळी परत उजाडायला लागतं. म्हणजे फेब्रुवारीअखेर नैसर्गिकरीत्या जो उजेड मिळायला लागलेला असतो तो काढून घ्यायचा आणि मग महिन्याभराने परत द्यायचा.

तर मग हे थांबत का नाही? इच्छा नाही असं म्हणता येत नाही. युरोपियन युनियनने २०१८ मध्ये लोकांची मतं मागवली तेव्हा ४६ लाख उत्तरं आली, त्यातले ८४ टक्के म्हणाले बंद करा (त्यातली ३० लाखाच्या आसपास उत्तरं एकट्या जर्मनीची होती, तेही लक्षात ठेवायला हवं). मार्च २०१९ मध्ये युरोपीय संसदेने ४१० विरुद्ध १९२ मतांनी ठरवलं की २०२१ पासून बंद. आणि गाडी तिथेच रुतली, कारण मग प्रत्येक देशाने ठरवायचं होतं की कायमची हिवाळ्याची वेळ ठेवायची की उन्हाळ्याची, आणि त्यावर देशांचं एकमत होईना. अमेरिकेत मार्च २०२२ मध्ये सिनेटने, म्हणजे वरच्या सभागृहाने, एकमताने विधेयक पास केलं, कायमची उन्हाळी वेळ, पण खालच्या सभागृहाने ते मतदानाला घेतलंच नाही. डझनाहून जास्त राज्यांनी कायमच्या उन्हाळी वेळेचे कायदे करून ठेवलेत, पण केंद्राच्या १९६६ च्या कायद्यात तशी परवानगी नाही म्हणून ते कागदावर पडून आहेत.

१९६६ च्या कायद्याचं नाव आलंय तर तो का आला तेही सांगते, म्हणजे जे म्हणतात की प्रत्येक गावाला आपापलं ठरवू द्या त्यांना अंदाज येईल. त्याआधी खरंच प्रत्येक गाव आपापलं ठरवत होतं. एकट्या आयोवा राज्यात उन्हाळी वेळ सुरू आणि बंद व्हायच्या तारखांच्या २३ वेगवेगळ्या जोड्या होत्या. ओहायोतल्या स्ट्यूबनव्हिलपासून वेस्ट व्हर्जिनियातल्या मौंड्सव्हिलपर्यंत ३५ मैलांच्या बसप्रवासात घड्याळ ७ वेळा बदलावं लागायचं. १९६५ मध्ये मिनियापोलिस आणि सेंट पॉल, नदीच्या दोन काठांवरची जुळी शहरं, दोन आठवडे एकमेकांपासून तासभर वेगळी होती. तेव्हा वेळ ही सगळ्यांनी मिळून ठरवायची गोष्ट आहे यात शंका नाही.

आता खरा वाद. लोकांना संध्याकाळचा उजेड आवडतो, त्यामुळे विचारलं की बहुतेक जण म्हणतात कायम उन्हाळ्याचीच वेळ ठेवा. जूनची संध्याकाळ सगळ्यांच्या डोळ्यासमोर येते, ९ वाजेपर्यंत उजेड, मुलं बाहेर खेळतायत. पण जूनची संध्याकाळ तर आत्ताही तशीच आहे. कायमची उन्हाळी वेळ केल्याने फरक पडणार तो डिसेंबर-जानेवारीत, आणि डिसेंबरची सकाळ कशी असेल हे कुणी डोळ्यासमोर आणत नाही. डेट्रॉइटला सूर्य ९ वाजता उगवेल. लंडनला ९ वाजून गेल्यावर. ग्लासगोला पावणेदहाच्या सुमारास. काही ठिकाणी मुलं शाळेत पोचली तरी बाहेर अंधारच.

आणि हे मी कल्पना करून सांगत नाहीये, हे करून बघितलेलं आहे. तेलाच्या टंचाईत राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी डिसेंबर १९७३ मध्ये कायद्यावर सही केली आणि ६ जानेवारी १९७४ पासून अमेरिकेत वर्षभराची उन्हाळी वेळ सुरू झाली. डिसेंबरात ७९ टक्के लोक बाजूने होते. फेब्रुवारीत ४२ टक्के. दोन महिन्यात! काय बदललं होतं? लोकांनी एकदा जानेवारीतली सकाळ बघितली, बास. मुलं टॉर्च घेऊन बसथांब्यावर, फ्लोरिडातून पहाटेच्या अंधारात शाळकरी मुलं गाडीखाली सापडल्याच्या बातम्या. प्रयोग दोन वर्षांसाठी होता, ऑक्टोबर १९७४ मध्येच त्यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी हिवाळ्यापुरता तो मागे घेतला. ब्रिटनने १९६८ ते १९७१ हेच केलं, स्कॉटलंडच्या उत्तरेला सूर्य १० च्या सुमारास उगवायचा, संसदेत डिसेंबर १९७० ला ३६६ विरुद्ध ८१ मतांनी तो प्रयोग संपवायचं ठरलं. रशियाने २०११ मध्ये कायमची उन्हाळी वेळ केली, लोक अंधाऱ्या सकाळींना वैतागले, २०१४ मध्ये कायमच्या हिवाळी वेळेवर आले आणि घड्याळ बदलणंच सोडलं. तीन देश, तीन वेगळे काळ, आणि तिघांनाही माघार घ्यावी लागली. सिनेटने २०२२ मध्ये ते एकमताने पास केलं तेव्हा सभागृहात यावर धड चर्चासुद्धा झाली नाही याचं मला आजही फार वाईट वाटतं.

ब्रिटनच्या प्रयोगाबाबत एक गोष्ट विरुद्ध बाजूची आहे आणि ती लपवणार नाही. संध्याकाळी उजेड असल्याने अपघात कमी होतात, आणि तिथल्या आकड्यांत संध्याकाळची घट ही सकाळच्या वाढीपेक्षा जास्त दिसली होती. त्याच सुमारास, १९६७ मध्ये, दारू पिऊन गाडी चालवण्याविरुद्ध श्वासाची तपासणी सुरू झाली होती त्यामुळे त्यातलं किती कशामुळे हे वेगळं करणं अवघड, पण मुद्दा पूर्ण खोटा नाही. संध्याकाळचा अंधारही जीव घेतो. माझं म्हणणं इतकंच की संध्याकाळच्या रस्त्याला दिवे लावता येतात, गाड्यांचा वेग कमी ठेवता येतो, पण शरीराला सकाळचा उजेड दुसऱ्या कशाने तितका मिळत नाही. टाइमझोनच्या सीमेवरचे अभ्यास झालेत त्यात हे स्पष्ट दिसतं, सीमेच्या ज्या बाजूला घड्याळानुसार सूर्य तासभर उशिरा मावळतो तिथले लोक रोज सरासरी १९ मिनिटं कमी झोपतात, कारण झोपायला उशीर होतो आणि उठायची वेळ मात्र शाळा-ऑफिस ठरवतं. रोज १९ मिनिटं, वर्षभर. कायमची उन्हाळी वेळ म्हणजे सगळ्यांना त्या बाजूला नेऊन बसवणं. अमेरिकेतल्या झोपेच्या डॉक्टरांच्या अकादमीने २०२० मध्ये जाहीर भूमिका घेतली की बदल बंद करा आणि कायमची प्रमाणवेळ ठेवा, म्हणजे हिवाळ्याची. ज्यांचं आयुष्य झोपेच्या अभ्यासात गेलंय ते एक सांगतायत आणि कायदे करणारे उलटं करायला निघालेत.

हिवाळ्याची वेळ कायम ठेवली तर किंमत काय? आहे किंमत. जूनमध्ये न्यूयॉर्कला सूर्य ४:२५ च्या आधी उगवेल, लंडनला पावणेचारच्या आधी. तो पहाटेचा उजेड बहुतेक लोक झोपेत घालवतील, जाड पडदे लावावे लागतील, आणि संध्याकाळ तासभर लहान होईल. ज्यांना ऑफिसनंतर मैदानावर खेळायचंय त्यांचं नुकसान होईल, हडसनना जे हवं होतं तेच. दुकानदार आणि खेळांचे धंदेवालेही नाराज होतील, १९८६ मध्ये अमेरिकेत उन्हाळी वेळ वाढवली तेव्हा गोल्फवाले आणि बार्बेक्यूचं सामान विकणारे पुढे होते कारण उजेड असला की माणूस बाहेर पडतो आणि खर्च करतो. हे सगळं मला मान्य आहे.

पण मग एक विचारावंसं वाटतं, संध्याकाळ हवीये तर कामाच्या वेळा का नाही बदलत? उन्हाळ्यात ऑफिस ९ ऐवजी ८ ला सुरू करा, ५ ऐवजी ४ ला सोडा. यावर जे उत्तर येतं ते मला या सगळ्या पद्धतीच्या बाजूचं सगळ्यात तगडं उत्तर वाटतं: एकट्या ऑफिसने बदलून चालत नाही, शाळा, पाळणाघर, बस, बँक सगळ्यांनी एकाच दिवशी बदलायला पाहिजे, ते कोण घडवून आणणार, त्यापेक्षा घड्याळ पुढे केलं की सगळे आपोआप एकत्र बदलतात. शंभर वर्षांपूर्वी हे खरं होतं. कारखान्याचा भोंगा एकच होता आणि सगळे त्यावर चालायचे. आज माझ्या ओळखीतली निम्मी माणसं घरून काम करतात, शाळांच्या वेळा जिल्ह्याजिल्ह्यात वेगळ्या आहेत, दुकानं रात्री उशिरापर्यंत चालतात, आणि आमच्यासारखे पाळीवाले तर कुठल्याच भोंग्यावर चालत नाहीत. ज्याला उन्हाळ्यात लवकर यायचंय त्याला लवकर येऊ देणं आज कितीतरी सोपं आहे. आणि जो बदल हवा असणाऱ्याने करायचा तो सगळ्यांच्या शरीरावर लादायचा, तान्ह्या बाळापासून ते ऑपरेशन झालेल्या बाईपर्यंत, हे मला न्यायाचं वाटत नाही.

मेक्सिकोने २०२२ मध्ये बहुतेक देशात हे बंद केलं आणि प्रमाणवेळेवर थांबले, फक्त अमेरिकेच्या सीमेलगतच्या काही गावांनी शेजाऱ्यांशी व्यवहार चालावा म्हणून ठेवलं. ब्राझीलने २०१९ मध्ये बंद केलं. विषुववृत्ताच्या जवळ तर दिवसाची लांबी वर्षभर फार बदलतच नाही म्हणून तिथल्या बहुतेक देशांना याची कधी गरज वाटली नाही. म्हणजे हे थांबवता येतं, थांबवलं तर धंदे आणि विमानं बंद पडत नाहीत.

अमेरिकेत तर यासाठी वॉशिंग्टनची वाटही बघायला नको, आणि हे फार कमी लोकांना माहीत आहे. १९६६ चा कायदा राज्याला कायमची उन्हाळी वेळ घेऊ देत नाही पण कायमची प्रमाणवेळ घेऊ देतो, राज्याच्या विधिमंडळाने कायदा केला की झालं. ॲरिझोनाने १९६८ मध्येच केलंय, तिथल्या वाळवंटी उन्हाळ्यात संध्याकाळी अजून एक तास ऊन कुणाला हवंय, आणि हवाईनेही केलंय. अडचण शेजारच्या राज्यांची येते, ॲरिझोनातच नवाहो या आदिवासी लोकांचा प्रदेश घड्याळ बदलतो आणि त्याच्या मधोमध असलेला होपी लोकांचा प्रदेश बदलत नाही, त्यामुळे एका दिवसाच्या रस्त्यात वेळ अनेकदा बदलते. म्हणून शेजारशेजारच्या चार-पाच राज्यांनी बोलून एकाच वर्षी करावं असं मला वाटतं, एकट्यादुकट्याने नको.

आमच्या राज्याच्या प्रतिनिधींना मी गेल्या महिन्यात पत्र पाठवलंय. इंडियानाची बिलं आणि १९७४ चं सगळं त्यात घातलंय, पण सुरुवात केली ती त्या बाईंपासून, नाव न घेता, ४:४० आणि ५:४० दोन्ही वेळा लिहून.